आजींना न झालेली कावीळ

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या एखाद्या सत्तरीच्या आजींना विचारा, "लहानपणी कावीळ झाली होती का हो?" "छे! आमच्या वाड्यात नव्हतं बाई असलं काही." त्यांचं रक्त तपासलं तर बहुधा उलटंच निघेल. कावीळ आणणाऱ्या हिपॅटायटिस एच्या विषाणूशी त्यांची गाठ केव्हाच पडून गेलेली असते, आणि तेव्हा तयार झालेली प्रतिपिंडं आजही शाबूत असतात.

आजी खोटं बोलत नाहीत. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना हा विषाणू गाठतो, तेव्हा दहातल्या सातांना काहीच जाणवत नाही. बाकीच्यांना थोडा ताप, पोटाची कुरकूर. डोळे पिवळे क्वचितच होतात. विष्ठेतून बाहेर पडायचं आणि पाण्यातून तोंडात शिरायचं, एवढाच त्याचा प्रवास. सामायिक संडास, एकच हौद आणि त्यात तांब्यासकट बुडणारी सगळ्यांची बोटं असल्यावर आणखी काय हवं?

कॅम्पातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने पुण्यातल्या लोकांचं रक्त वेगवेगळ्या वर्षी तपासलं. १९८२ मध्ये मुलांत ही प्रतिपिंडं सर्रास सापडत. १९९८ पर्यंत सुखवस्तू घरांतल्या मुलांत त्यांचं प्रमाण घसरलं, गरीब घरांत मात्र फारसं नाही. पुढे २०१७ पर्यंतची तुलना झाली, तेव्हाही आलेख उतरताच होता.

बातमी चांगलीच, पण मेख आहे. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या नातवाला हा विषाणू पहिल्यांदा भेटतो तो विशीत, एखाद्या मेसच्या ताटात. या वयात दहातल्या सातांहून अधिक जणांना कावीळ होते. यकृताच्या पेशी मरतात त्या मुख्यतः विषाणूमुळे नव्हे, तर त्याला हुडकणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने. शिवाय लक्षणं दिसायला सरासरी चार आठवडे लागतात. आपण कालच्या पाणीपुरीला शिव्या घालतो, गुन्हा गेल्या महिन्यातला असतो!

बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते, आणि श्रेय डोक्यावरून गळ्यात उतरलेल्या काविळीच्या माळेला जातं. यकृत निकामी होणारे थोडे, पण ते बहुधा मोठ्या वयातले. या विषाणूवरची लस मुलाला वर्ष पूर्ण झाल्यावर देता येते. सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात मात्र ती नाही. नातवासाठी ती बालरोगतज्ज्ञाकडे विकतच घ्यावी लागते. आजींना ती फुकट मिळाली होती, हौदातून.