नवा संगणक जागा होत नाही तेव्हा

ठाण्याच्या माजिवड्यापासून निघालेला घोडबंदर रस्ता मानपाडा, कासारवडवली, गायमुख अशी गावे मागे टाकीत खाडीकाठच्या घोडबंदर गावाकडे जातो. एके काळी या बंदरात अरबी घोडे उतरत आणि त्यावरूनच गावाला हे नाव पडले, असे सांगतात. आता रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या दारांशी घोड्यांऐवजी पुठ्ठ्याची खोकी उतरतात. त्यांतील एखाद्या खोक्यात नवा संगणक असतो. घरातील मंडळी भोवती जमतात, तारा जोडल्या जातात, बटण दाबले जाते आणि पडदा काळाच राहतो. पंखा फिरत असतो, एखादा दिवा लुकलुकत असतो, परंतु पुढे काहीच घडत नाही. ‘यंत्र बिघडलेलेच आले,’ असा निकाल अशा वेळी तत्काळ दिला जातो. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. एखादी तार अर्धवट बसलेली असणे, एखादा भाग प्रवासात सैल होणे, अशी साधी कारणेही नव्या यंत्राला अडवून धरतात. ती शोधण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही, परंतु क्रमाने विचार करण्याची सवय मात्र लागते.

बटण दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंतच्या थोड्या सेकंदांत यंत्राच्या पोटात काय घडते, ते आधी पाहू. शाळा भरण्याची वेळ डोळ्यांसमोर आणा. शिपाई फाटक उघडतो, घंटा होते, मुले वर्गात बसतात, गुरुजी हजेरी घेतात आणि मग पाठ सुरू होतो. पाठ सुरू झाला नाही, तर दोष पाठ्यपुस्तकाचाच असेल असे नाही. कदाचित फाटकच उघडले नसेल. संगणकाचेही तसेच आहे. त्याचे फाटक म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची असून तिची दिशा सेकंदास 50 आवर्तनांच्या गतीने पालटत असते. संगणकाच्या नाजूक भागांना अशी वीज सोसत नाही. ही पेटी तिचे रूपांतर एकाच दिशेने वाहणाऱ्या 12, 5 व 3.3 व्होल्टच्या विजेत करते. हे दाब स्थिर झाले, की पेटी मदरबोर्डला तशी खूण पाठविते. ती खूण मिळेपर्यंत मुख्य प्रोसेसर थांबून राहतो.

यानंतरचा भाग मला फार मनोरंजक वाटतो. प्रोसेसर जागा होतो, तेव्हा त्याला काहीच आठवत नसते. काम करताना तो जिच्या आधाराने चालतो ती स्मृती, म्हणजे रॅम, वीज बंद होताच कोरी होते. डिस्कवरचा कार्यक्रम स्मृतीत आणावा, तर तो आणण्यासाठीही एक कार्यक्रम हवा! स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःलाच उचलून धरण्यासारखी ही अडचण आहे. इंग्रजीत या बंदांना जे नाव आहे त्यावरूनच संगणक सुरू करण्याच्या क्रियेला ‘बूट करणे’ असे म्हणू लागले. या कोड्याचे उत्तर मदरबोर्डवरील एका लहानशा चकतीत असते. वीज गेली तरी या चकतीतील मजकूर पुसला जात नाही. तेथे लिहिलेल्या आज्ञांना पूर्वी बायोस म्हणत. नव्या यंत्रांत त्यांची जागा यूईएफआय या पद्धतीने घेतली असली, तरी बोलताना लोक अजून बायोसच म्हणतात. प्रोसेसर पहिल्या आज्ञा येथून वाचतो व त्यांच्या मदतीने हजेरी घेऊ लागतो. स्मृतीची पट्टी आहे काय? चित्र दाखविणारा भाग आहे काय? कळफलक? डिस्क? सर्वांनी ‘हजर’ म्हटले, की डिस्कवरील मुख्य कार्यप्रणाली स्मृतीत आणली जाते आणि आपल्याला ओळखीचे चित्र दिसते.

हजेरीत एखादा गैरहजर आढळला तर? चित्र दाखविणारा भागच जागा झाला नसेल, तर यंत्र आपली तक्रार पडद्यावर लिहिणार कशी? म्हणून ते आवाज काढते. हे आवाज लांब किंवा आखूड असतात आणि ठराविक वेळा होतात. त्यांचा अर्थ सर्व यंत्रांत सारखा नसतो. तो यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतच पाहावा लागतो. अनेक नव्या यंत्रांत आवाजाची सोयच नसते. काहींत तिच्या जागी मदरबोर्डवर बारीक दिवे असतात आणि जेथे हजेरी अडली असेल तेथील दिवा पेटून राहतो. दुर्दैवाने ही पुस्तिका खोक्यातून सर्वांत आधी बाहेर पडते आणि सर्वांत आधी हरवते.

हा क्रम कळला म्हणजे शोधाची दिशा आपोआप ठरते. बटण दाबूनही दिवा नाही, पंखा नाही, असे असेल तर फाटकच उघडलेले नाही. भिंतीवरील खटका, जोडपट्टीवरील खटका आणि यंत्राच्या पाठीमागचा लहान खटका असे तीन खटके या मार्गावर असतात. तिसऱ्याचा अनेकांना पत्ताच नसतो. त्यावर एक उभी रेघ व एक वर्तुळ अशा खुणा असतात. रेघेची बाजू दाबलेली असावी लागते. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, असे असल्यास आधी पडद्याची तार पाहावी. यंत्रात चित्रासाठी वेगळे ग्राफिक कार्ड बसविलेले असेल, तर तार त्या कार्डाला जोडावयाची असते. वरच्या बाजूस मदरबोर्डचेही तसेच तोंड असते आणि पुष्कळ लोक तार तेथेच खुपसतात. तार योग्य जागी असूनही चित्र नसेल, तर संशय स्मृतीच्या पट्टीवर जातो. पडद्यावर अक्षरे उमटून मग काम थांबत असेल, तर मात्र विजेची व पडद्याची चिंता नको. शोध डिस्ककडे वळवावा. कधी कधी यंत्राला खोचून ठेवलेला एखादा पेनड्राइव्हच आडवा येतो. संगणक त्याच्यात कार्यप्रणाली शोधू पाहतो, ती तेथे सापडत नाही आणि तो तेथेच अडून बसतो.

याच रस्त्यालगतच्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी असा प्रसंग आला. शाळेचा जुना संगणक निकामी झाला होता. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरण्याची मुदत त्याच रात्री संपत होती आणि नवा संगणक दुपारी टेंपोतून आला. तो सुरू होईना. मी त्या वेळी सेवानिवृत्त झालो होतो, परंतु अर्ज तपासण्यास मला बोलाविले होते. एका शिक्षकांनी तार बदलली, दुसऱ्यांनी यंत्र दुसऱ्या खोलीत नेले, तिसरे बटण पुन्हापुन्हा दाबीत राहिले. घटकाभरात इतक्या गोष्टी बदलल्या, की कशाचा काय परिणाम झाला हे कोणासच सांगता येईना. अर्जासाठी थांबलेल्या मुलांपैकी एक मुलगी मात्र आवाज मोजीत होती. तीन आवाज, थोडा खंड, पुन्हा तीन आवाज. तिने खोक्याच्या तळाशी राहिलेली पुस्तिका शोधून काढली. तीन आवाजांसमोर स्मृतीचा उल्लेख होता. विक्रेत्याला दूरध्वनी करून झाकण उघडण्याची संमती घेतली. वीज बंद करून पाहिले, तर स्मृतीची पट्टी एका टोकाला खाचेतून किंचित वर आलेली. घोडबंदर रस्त्यावरील खड्ड्यांतून टेंपोने खाल्लेले धक्के तिला सोसले नसावेत. पट्टी बाहेर काढून, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या वाजेपर्यंत सरळ दाबून बसविली आणि यंत्र सुरू झाले. रात्री साडेनऊपर्यंत सारे अर्ज गेले. त्यांतील शेवटचा अर्ज त्या मुलीचाच होता. इतरांना पुढे सोडून ती पुस्तिका वाचीत बसली होती.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी काय झाले ते लिहून ठेवावे, ही शिस्त अशा कामात अत्यंत आवश्यक आहे. तिच्या जोडीला आणखी एक युक्ती असते. हजेरीस अत्यावश्यक नाहीत असे सर्व भाग तात्पुरते दूर करावेत. मुद्रणयंत्र, कॅमेरा, जादा डिस्क हे सर्व काढून यंत्र शक्य तितके लहान करावे. ते सुरू झाले, तर एकेक भाग पुन्हा जोडीत जावे. ज्या भागाच्या जोडणीनंतर काम पुन्हा अडेल, तेथे दोष आहे असे समजावे.

मोठे संगणक बांधणाऱ्यांनीही आरंभ लहान यंत्रापासूनच केला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी मोठा संगणक बांधण्याआधी एक लहान प्रायोगिक यंत्र उभे केले. ते 1956 साली चालू लागले आणि त्याच्या अनुभवावर मोठे यंत्र 1960 साली सिद्ध झाले. पुढे 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. दिव्यासारख्या तापणाऱ्या या नळ्यांपैकी एखादी निकामी झाली, की गणित चुकण्याचा धोका असे. ती हुडकून काढणे हेही संगणक चालविण्याचेच एक अंग होते. अमेरिकेत 1947 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या यंत्रात तर एका विद्युत्‌खटक्यात पतंग अडकलेला सापडला आणि चालकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. येऊरच्या जंगलालगत राहणाऱ्यांना यात नवल वाटू नये. तेथील घरांत दिव्याभोवती कीटक जमतात आणि पाली कोठेही शिरतात!

या भागाच्या हवेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस डोंगर असल्यामुळे पावसाळ्यात येथील हवा दमट असते. वातानुकूलित दुकानातून आणलेले थंड यंत्र अशा हवेत उघडले, तर थंड पाण्याच्या पेल्यावर जसे थेंब जमतात, तसे आतील भागांवर बाष्प जमू शकते. म्हणून असे यंत्र दोन-तीन तास खोक्यातच राहू द्यावे. ते खोलीइतके उबदार झाले म्हणजे वीज जोडावी. हिवाळ्यातील कोरड्या हवेत उलट प्रकार होतो. अंगावर साचलेली स्थिर वीज बोटातून सुटते आणि ती आपल्याला जाणवली नाही, तरी नाजूक भागांना अपाय करू शकते. याकरिता आतील भागास हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. झाकण काढण्याआधी तार भिंतीतून उपटावी. नुसता खटका बंद करून भागत नाही. वीजपुरवठ्याची पेटी मात्र तुम्ही कधीही उघडू नका. तार काढल्यानंतरही तिच्यातील धारित्रांत काही काळ जीवघेणी वीज साठून राहते. झाकण उघडावयाचे ते घरातील वा शाळेतील मोठ्या माणसांसमक्ष. झाकणाला विक्रेत्याने मोहोर लावली असेल, तर ती त्याच्या संमतीशिवाय फोडू नये.

एवढे करूनही यंत्र सुरू झाले नाही, तर जाणत्या कारागिराला बोलवावे. ‘चालत नाही’ एवढेच त्याला सांगितले, तर त्याला सारा शोध पहिल्यापासून करावा लागतो. त्याऐवजी एका कागदावर लिहून द्यावे : दिवा लागतो की नाही, पंखा फिरून थांबतो की फिरतच राहतो, आवाज किती व कसे होतात, पडद्यावर काही अक्षरे आल्यास ती जशीच्या तशी, आणि आपण आतापर्यंत काय काय करून पाहिले. त्याच कागदावर यंत्राचा क्रमांक व खरेदीची तारीख लिहावी आणि पावती त्याला जोडावी. कारण हमीची मुदत अजून आहे की संपली, हे विक्रेता पहिल्यांदा विचारतो.