गोव्यात पोर्तुगीज, गोल भारताचे : नेव्हिल डिसोझांची मेलबर्नमधली हॅटट्रिक

अथाल (सिल्वासा) : पोर्तुगीज कधी गेले, असं दादरा-नगर हवेलीत विचारलं तर उत्तर येतं 1954. गोव्यात विचारा, 1961. मधल्या सात वर्षांत भारतीय फुटबॉलचा एक मोठा पराक्रम घडला आणि तो गाजवणारे सेंटर फॉरवर्ड होते गोव्यातल्या आसगावचे, नेव्हिल डिसोझा.

तेव्हाची परिस्थिती आधी समजून घ्यायला हवी. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं, तरी अथालसारखी गावं कागदोपत्री लगेच भारतात आली नाहीत. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता आणि पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा ठोकला होता. गोव्यात तर पोर्तुगीज अंमल चालूच. 1932 साली तिथे जन्मलेले डिसोझा मात्र मुंबईच्या मैदानांवर नाव कमावून भारताच्या ऑलिंपिक संघात पोचले होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

1 डिसेंबर 1956, मेलबर्न. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. डिसोझांनी नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. 33व्या मिनिटाला डिसोझांचा दुसरा, त्यावर पुन्हा मॉरोचं उत्तर. मध्यंतरानंतर लगेच, 50व्या मिनिटाला डिसोझांनी तिसरा मारला. चौथा जे. कृष्णस्वामी ऊर्फ 'किट्टू' यांचा. भारत 4, ऑस्ट्रेलिया 2. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे डिसोझा पहिले आशियाई ठरले.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यांचाच होता. पण आघाडी दोनच मिनिटं टिकली आणि सामना 1-4 असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 ने हरवलं. चौथा क्रमांक आपण अभिमानाने सांगतो, सांगावाच. पण हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच पार झाली होती आणि स्पर्धेत भारताचा विजय एकच होता. तो डिसोझांच्या पायांनी मिळवून दिला. चार गोल करून ते स्पर्धेत संयुक्त अव्वल ठरले.

एका स्पर्धेपुरती चमक, मग अंधार, हे फुटबॉलला नवं नाही. अर्जेंटिनाच्या गिलेर्मो स्ताबिलेने 1930 च्या पहिल्या विश्वचषकात चार सामन्यांत आठ गोल केले आणि देशासाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही. डिसोझाही 1960 च्या रोम ऑलिंपिक संघात नव्हते. मुंबईच्या फुटबॉलमध्ये मात्र त्यांचा दबदबा राहिला. 1958 मध्ये रोव्हर्स कप जिंकणाऱ्या कॅलटेक्स संघात ते होते.

अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 मध्ये. पहिल्याच वर्षी फुटबॉलसाठी तो मेलबर्नमधले त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, आणि ते योग्यच होतं. डिसोझांना तो कधीच मिळाला नाही. 1980 साली त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.