नमुना मिळाला म्हणजे दावा झाला?

“दाव्याचा नमुना आहे ना? मग नावं, तारखा, रक्कम भरायची, झालं!” हैदराबादच्या मराठी घरांत हे वाक्य सारखं कानावर पडतं. बोलणारा बहुधा हातउसने दिलेले पैसे वसूल करायला निघालेला असतो, आणि हातात असतो नांदेडच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकाने पाठवलेला जुना दावा. हे आता ऐकवत नाही, कारण त्यापायी लोकांचे हक्काचे पैसे बुडतात.

नमुना वापरण्यात गैर काहीच नाही. कायदाच तो वापरायला सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ६, नियम ३ म्हणतो की परिशिष्ट ‘अ’मधले नमुने लागू पडतील तिथे ते वापरा, नाहीतर त्याच धर्तीचे वापरा. त्यातला पहिलाच नमुना उसन्या पैशांचा आहे. अमुक तारखेला अमुक रुपये दिले, अमुक तारखेला परत यायचे होते, आले नाहीत. इथपर्यंत खरोखरच गाळलेल्या जागा आहेत. चौथ्या परिच्छेदात मात्र वाक्यच नाही. तिथे कंसात नुसती सूचना आहे: दाव्याचं कारण केव्हा घडलं आणि या न्यायालयाला अधिकार कसा पोचतो, ती वस्तुस्थिती लिहा. ती प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून छापून देता येत नाही. आणि लोक नेमके इथेच दुसऱ्याच्या दाव्यातलं वाक्य उतरवतात: “दाव्यास कारण नोटीस दिल्या तारखेस घडले.”

समजा, १० जून २०२२ रोजी मित्राला दोन लाख दिले. परतफेडीची तारीख ठरली नाही, मागाल तेव्हा देतो म्हणाला. नोटीस पाठवली सप्टेंबर २०२५ मध्ये. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १९ आणि २१ प्रमाणे अशा कर्जाची तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, नोटिशीपासून नव्हे. म्हणजे मुदत जून २०२५ मध्येच संपली. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाने असा दावा फेटाळलाच पाहिजे. शब्दांची चलाखीही चालत नाही. दाव्याला कारण असल्याचा नुसता आभास उभा केला असेल तर तो सुरुवातीलाच मोडून काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने टी. अरिवंदंदम विरुद्ध टी. व्ही. सत्यपाल या १९७७ च्या निकालात खालच्या न्यायालयांना बजावलं आहे. मुदत संपण्याआधी मित्राने सही करून कर्ज लेखी कबूल केलं असेल, तर कलम १८ प्रमाणे तिथून नवी मुदत मिळते. पण ते वादपत्रात लिहावं लागतं, आणि साध्या नमुन्यात ते नसतं!

अधिकारक्षेत्राचंही तसंच. मित्र नांदेडचा, पैसे हैदराबादेत दिलेले. संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी राहतो तिथे दावा लावता येतो, आणि दाव्याचं कारण अंशतः जिथे घडलं तिथेही. हैदराबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात जायचं तर पैसे कुठे, कसे दिले हे लिहा. “या न्यायालयास अधिकार आहे” एवढं म्हणून भागत नाही.

“कायदा देशभर एकच, मग तिकडचा नमुना इथे का नको?” संहिता एक आहे, कोर्ट फी एक नाही. तेलंगणात १९५६ चा कोर्ट फी आणि दावा मूल्यांकन कायदा चालतो, महाराष्ट्रात १९५९ चा. महाराष्ट्र सरकारने १९९४ मध्ये स्त्रियांना ठरावीक दाव्यांत फी माफ केली. ती माफीची ओळ हैदराबादच्या दाव्यात उतरवून उपयोग नाही. बाईंना इथे मदत हवी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. या प्राधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. भाडेकरूला काढायचा अर्जही तिकडचा चालणार नाही, दोन्हीकडचे भाडे कायदे निरनिराळे आहेत.

ठरावीक शब्द नसले की दावा पडतो, हाही गैरसमज. सय्यद दस्तगीर खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने मजकुराचं सार पाहायला सांगितलं, शब्दांची घोकंपट्टी नव्हे.

जुनं पुस्तक चालतं? जपून. तीन लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे (पाटील ऑटोमेशन खटल्याचा निकाल, २०२२). २०१८ पूर्वीच्या नमुन्यात तिचा उल्लेखही सापडणार नाही.

प्रतिवादीच्या कैफियतीत “सर्व मजकूर खोटा व नाकबूल” पुरतं? नाही. आदेश ८ प्रमाणे प्रत्येक विधान नेमकेपणाने नाकारावं लागतं, नाहीतर ते मान्य केलं असं धरलं जाऊ शकतं.

शेवटचं सत्यापन म्हणजे नुसती सहीची जागा, असंही समजतात. कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरे आणि कोणते इतरांकडून कळलेले, हे तिथे क्रमांक देऊन सांगायचं असतं, आणि २००२ पासून सोबत प्रतिज्ञापत्रही लागतं. नमुन्यात सहा परिच्छेद असतील आणि तुमच्या दाव्यात अकरा, तर हे आकडे सही करण्यापूर्वी बदला.