डबीचा चौथा कोपरा

लाकडाची लहानशी डबी हातात आली की आपण आधी झाकण उघडून आत काय आहे ते पाहतो. सुतार मात्र आधी तिचा कोपरा पाहतो. दोन फळ्यांची टोके पंचेचाळीस अंशांत तिरपी कापून जोडली, म्हणजे कोपऱ्यावर नुसती एक रेघ दिसते. या सांध्याला कारखान्यातले लोक मायटर म्हणतात. दिसायला अगदी साधा, आणि करायला बसलात की तितकाच खट्याळ!

माझ्या पहिल्या डबीचे तीन कोपरे छान मिटले आणि चौथा उघडा राहिला. मी त्यात लांबी भरली, वरून पॉलिश फिरवले आणि खूष झालो. पुढच्या उन्हाळ्यात ती लांबी निघून पडली. डबी घेऊन शेजारच्या वयस्क सुतारांकडे गेलो, तर त्यांनी चौथ्या कोपऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बाकीच्या तीन कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला. दोष तिथे होता. चौथ्याने तो फक्त उघड केला.

हे असे का होते, ते पाहू. चार बाजूंच्या डबीला आठ काप असतात. आठ वेळा पंचेचाळीस म्हणजे तीनशेसाठ. सहा बाजूंची डबी केलीत तर बारा काप, प्रत्येकी तीस अंशांचे, पुन्हा तीनशेसाठच. बाजू कितीही असोत, बेरीज तीच यावी लागते. आता समजा, प्रत्येक काप अवघ्या अर्ध्या अंशाने चुकला, आणि सगळे एकाच दिशेने चुकले. पहिले तीन कोपरे आपण दाबून मिटवतो, आणि आठ कापांची मिळून चार अंशांची चूक शेवटच्या कोपऱ्यात जमा होते. फळी 12 मिलिमीटर जाड असेल तर तिथे सुमारे 1.2 मिलिमीटरची फट पडते. डोळ्याला ती लगेच खुपते.

मग उपाय काय? अर्धा अंश डोळ्याने दिसत नाही आणि कोनमापकावर धड वाचता येत नाही. पण खरी गोष्ट अशी की आपल्याला पंचेचाळीस अंश नेमके मोजायची गरजच नाही. कोपऱ्यात दोन काप एकत्र येतात आणि त्यांची बेरीज नव्वद झाली की काम झाले.

त्यासाठी एक साधी पाटी करून ठेवावी. एका सपाट फळीवर लाकडाचा त्रिकोणी ठोकळा पक्का बसवायचा. त्याचा काटकोन आपल्याकडे, आणि लांब बाजू समोर, जिथून रंधा आडवा पडून सरकतो त्या वाटेला लागून. करवतीने जरा जास्त ठेवून कापलेली पट्टी तिच्या कडेवर उभी करायची, तिची आतली बाजू ठोकळ्याला टेकवायची आणि टोकावर रंधा फिरवायचा. डावे टोक ठोकळ्याच्या एका अंगाला, उजवे टोक दुसऱ्या अंगाला. रंधा मात्र नेहमी पट्टीकडून ठोकळ्याकडे जावा, म्हणजे दुसऱ्या अंगाला त्याची दिशा उलटी. नाहीतर तंतू उचकटतात. साधारण चार सेंटिमीटर उंचीच्या डबीला रंध्याचे पाते पुरते.

आता गंमत पाहा. ठोकळा किंचित वाकडा बसला, एका अंगाला पंचेचाळीसऐवजी साडेचव्वेचाळीस झाले, तर दुसऱ्या अंगाला आपोआप साडेपंचेचाळीस होतात. डबीच्या प्रत्येक कोपऱ्यात एका पट्टीचे डावे आणि दुसरीचे उजवे टोक भेटते. बेरीज नव्वदच! आतल्या अंगाला केसाएवढी पायरी पडेल, पण सांधा बंद राहील. म्हणजे सांभाळायचा तो फक्त ठोकळ्याचा काटकोन. तो गुण्याने तपासता येतो, आणि गुण्या कोणी तपासायचा? सरळ कडेला गुण्या लावून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढा. रेघा एकीवर एक पडल्या तर गुण्या खरा.

कोन बरोबर आले तरी समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नसल्या तर डबी तिरकी होते. म्हणून प्रत्येक पट्टी पट्टीने मोजू नये. कापताना एका टोकाला थांब्याचा ठोकळा बसवावा आणि जोडीच्या दोन्ही पट्ट्या त्यालाच टेकवून कापाव्यात. थांब्याजवळचा भुसा प्रत्येक वेळी झटकायला विसरू नका. चिमूटभर भुसाही लांबी बदलतो. रंधून झाल्यावर दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून धरा आणि टोकांवरून बोट फिरवा. मोजपट्टीला न दिसणारा फरक बोटाला कळतो.

शेवटी जोडणी. तिरप्या कापात लाकडाचे तंतू उघडे पडतात आणि ते गोंद पिऊन टाकतात. म्हणून आधी पातळ हात द्यावा, थोडे थांबावे आणि मग दुसरा हात द्यावा. बांधून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर डबी चौरस कोनात बसली. हे सगळे गोंद लावण्यापूर्वी एकदा कोरडेच जुळवून पाहावे, हे सांगायला नकोच.

सांगायचे ते इतकेच, की चौथ्या कोपऱ्यात फट दिसली तर लांबीच्या डब्याकडे हात नेऊ नका. जोडणी सोडवा, पाटीकडे परत या आणि ठोकळ्याचा काटकोन पाहा. तो एकदा खरा केलात की पहिली डबी आणि दहावी डबी यांत फरक राहत नाही.