घरघर बेरिंगची, दोष सीलचा

वाळवा तालुक्यातल्या आष्टा परिसरात, उसाच्या पट्ट्यात, बेरिंग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पाण्याची मोटार खरखरू लागली की बेरिंग गेली, हे शेतकरी आवाजावरूनच ओळखतो. मोटारीत बसणाऱ्या ६२०५, ६२०६ याच कुळातल्या बेरिंग्ज घरातल्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्येही असतात. या क्रमांकांतल्या शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो : ६२०५ चा २५ मिलिमीटर, ६२०६ चा ३०.

मोटारीचा शाफ्ट दोन्ही टोकांना पेललेला असतो. मशीनचा ड्रम मात्र फक्त मागच्या बाजूने शाफ्टवर तोललेला असतो. त्यात कपडे एका बाजूला गोळा झाले तर? ४८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेत असताना कडेला चिकटलेले अर्धा किलो जादा ओले कापड सुमारे १९० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते. स्वीडनचे लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार बॉल बेरिंगवरचा भार दुप्पट झाला की तिचे आयुष्य आठपट घटते.

तरीही बहुतेक वेळा बेरिंग भाराने मरत नाही, पाण्याने मरते. ड्रम आणि बेरिंग यांच्यामध्ये रबराचे ऑइल सील असते. त्याची ओठासारखी कड शाफ्टवर सतत घासते. कड झिजली किंवा शाफ्टवर क्षारांचा खडबडीत थर बसला की साबणाचे पाणी आत झिरपते, ग्रीस धुऊन निघते आणि गोळ्यांना गंज चढतो. बोअरच्या जड पाण्यात क्षारांचा धोका अधिक.

तपासणी सोपी आहे. प्लग काढा, दार उघडा आणि रिकाम्या ड्रमची कड वर उचला. बाहेरचा टब स्थिर राहून ड्रम एकटाच हलला, हाताने फिरवताना खरखर लागली किंवा टबच्या मागे तांबूस ओघळ दिसले, तर बेरिंग गेली आहे.

दुरुस्तीत पट्टा, पुली आणि काँक्रीटची वजने काढून टब बाहेर घ्यावा लागतो. काही मॉडेलांचे टब कारखान्यातच कायमचे जोडलेले असतात; ते कापावे लागतात, म्हणून खर्च आधी विचारावा. नवी बेरिंग टबात बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर हातोडा मारला तर तो मार गोळ्यांमधून जातो, गोळ्या फिरतात त्या मार्गिकेवर खळगे पडतात आणि नवी बेरिंगही लवकरच घरघरू लागते. शाफ्टवर सील घासते त्या जागी चर पडला असेल, तर नवे सीलही टिकत नाही. ड्रमला धरणारा अ‍ॅल्युमिनियमचा तीन पायांचा आधार साबण-क्षारांनी पोखरला आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

मेकॅनिकला एकच गोष्ट ठामपणे सांगा : शाफ्टवरच्या दोन्ही बेरिंग्ज आणि ऑइल सील एकदमच बदला. जुने सील ठेवून बेरिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. आणि भार एका बाजूला येऊ नये म्हणून जाड चादर एकटीच स्पिनला लावू नका.