फवारणीचे विष, धोतऱ्याचा उतारा

कपाशीवर फवारणी करून आलेला मजूर घामाने निथळतो, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घरच्यांना वाटते, ऊन लागले. तोंडाला रुमाल तर बांधला होता! पण हे विष कातडीतूनही शिरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने अनेकांचे जीव घेतले.

मज्जातंतूंचे निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन पोहोचवते. काम झाले की एक एन्झाइम ते लगेच मोडून टाकते. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके त्या एन्झाइमलाच जखडतात. मग निरोप थांबतच नाहीत. छातीत पाणी साचते, स्नायू फडफडतात, मेंदूत गोंधळ उडून झटके येतात आणि श्वासाचे केंद्र मंदावते.

यावरचा उतारा ॲट्रोपिन, म्हणजे धोतऱ्यातले विषच! ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवते. छाती मोकळी होईपर्यंत दर काही मिनिटांनी डोस वाढवतात. तो जास्त झाला तर रुग्ण बरळतो, हवेत काहीतरी वेचू लागतो. नातेवाईक घाबरतात, डोस कमी केला की ते उतरते.

घरी ओकारी काढण्यात वेळ घालवू नये. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, औषधाची बाटली सोबत आणावी. आणि रुग्ण बोलू लागला म्हणून डिस्चार्जची घाई करू नये. एक ते चार दिवसांत कधीतरी त्याला उशीवरून मान उचलता येईनाशी होते, पाठोपाठ श्वासाचे स्नायू दमतात. तिथे ॲट्रोपिन चालत नाही, व्हेंटिलेटरच लागतो.