दुबार तिकिटांची देवघेव आणि मुळशीची सोळा पाने

जी वस्तू एकाच साच्यातून हजारोंच्या संख्येने तयार होते, पण संग्राहकाच्या हाती योगायोगाने आणि सुटी सुटी येते, तिच्या प्रत्येक संग्रहात दोन गोष्टी आपोआप निर्माण होतात: काही नगांच्या दुबार प्रती, ज्यांना संग्राहक सरसकट ‘डबल’ म्हणतात, आणि काही नगांच्या रिकाम्या जागा. एकाकडचे डबल दुसऱ्याकडची रिकामी जागा भरून काढतात, म्हणून असा छंद एकट्याने फार काळ करता येत नाही आणि दुसऱ्या संग्राहकाशी देवघेव करणे हा त्याचा मूळ व्यवहार ठरतो. अमेरिकेत हा व्यवहार बेसबॉलपटूंच्या चित्रपत्त्यांभोवती वाढला. महाराष्ट्रात, विशेषतः पुणे जिल्ह्यात, तो टपाल तिकिटांभोवती रुजला. या देवघेवीचे खरे फळ भरलेल्या अल्बमपेक्षा संग्राहकांना मिळणाऱ्या ज्ञानात असते, आणि ते पाहण्यासाठी मुळशीसारख्या एका तालुक्याचे उदाहरण पुरेसे आहे.

बेसबॉलच्या पत्त्यांचा उगम तंबाखूच्या व्यापारात आहे. सिगारेटचे मऊ पाकीट दबू नये म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात जाड कागदाचा तुकडा घालण्याची पद्धत पडली आणि त्या तुकड्यावर खेळाडूचे चित्र छापले की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेते, हे उत्पादकांच्या लक्षात आले. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि 1952 साली टॉप्स या कंपनीने काढलेला संच या छंदाचा मानदंड ठरला. पाकिटात कोणता पत्ता आहे हे उघडल्याशिवाय कळत नसे, त्यामुळे देवघेव या वस्तूच्या रचनेतच होती. 1909 ते 1911 या काळातील ‘टी-206’ या संचातील होनस वॅग्नर या खेळाडूचा पत्ता त्याने संमती नाकारल्यामुळे थोडाच काळ छापला गेला आणि म्हणून अतिदुर्मीळ झाला; 2022 साली त्याची एक प्रत 72 लाख 50 हजार डॉलरला विकली गेली. मात्र ‘टी-206’ हे नाव उत्पादकाचे नाही, ते जेफरसन बर्डिक या संग्राहकाने केलेल्या वर्गीकरणातून आले आहे. बर्डिक सिरॅक्यूज शहरात विजेच्या सुट्या भागांच्या जुळणीचे काम करत असे, त्याने चित्रपत्त्यांची पहिली मोठी सूची तयार केली आणि 1963 मध्ये मृत्यू येण्यापूर्वी आपले तीन लाखांहून अधिक पत्ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. लिलावातील कोट्यवधींच्या आकड्यांपेक्षा बर्डिकचे हे काम या छंदाच्या इतिहासात मोठे मानले पाहिजे, कारण काय दुर्मीळ आहे आणि का, हे सूचीशिवाय कोणालाच सांगता आले नसते.

महाराष्ट्रातील मुलांनाही असे पत्ते अगदीच अनोळखी नव्हते. काडेपेट्यांचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे जमवून ती गोट्यांसारखी डावावर लावण्याची पद्धत जुनी होती, आणि 1987 च्या रिलायन्स विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळू लागली, तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांची जोरात अदलाबदल होत असे. परंतु या वस्तूंची सूची कोणी केली नाही, त्या वहीत फार काळ राहिल्या नाहीत, आणि तो छंद त्या मुलांच्या बालपणाबरोबरच संपला. टपाल तिकिटांचे तसे झाले नाही. 1852 साली सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर यांनी काढलेले ‘सिंध डाक’ हे आशियातील पहिले चिकट तिकीट मानले जाते, आणि तेव्हापासूनच्या भारतीय तिकिटांचा तपशील क्रमवार नोंदलेला आहे. खेळाडूंच्या चित्रांचा शौक असलेल्या मराठी संग्राहकाला बेसबॉलच्या पत्त्याच्या सर्वांत जवळची वस्तूही टपाल खात्यानेच दिली: 1996 साली सी. के. नायडू, विनू मंकड, विजय मर्चंट आणि दि. ब. देवधर या चार क्रिकेटपटूंची तिकिटे निघाली. यांपैकी प्रा. देवधर पुण्याचे. संस्कृतचे अध्यापक असलेल्या देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि 1944 साली वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकावली. चारांचा हा संच पुरा करण्यासाठी पुण्यातील एखादा विद्यार्थी देवधरांचे डबल तिकीट देऊन त्याबदल्यात मंकडांचे मागतो, तेव्हा तो व्यवहार अमेरिकेतील मुलांच्या व्यवहाराहून वेगळा नसतो.

तरीही पत्ता आणि तिकीट यांत एक मूलभूत फरक आहे. पत्ता जमवण्यासाठीच छापला जातो, तर तिकीट ही टपालाचा आकार भरल्याची पावती असते. ते पाकिटावर चिकटते, त्यावर शिक्का बसतो, ते प्रवास करते, आणि त्या प्रवासाच्या खुणांवरच त्याचे मोल बरेचसे ठरते. म्हणून दोन तिकीटसंग्राहक समोरासमोर बसतात तेव्हा चित्राची बाजू पाहून त्यांचे काम भागत नाही. तिकीट बोटांनी न धरता चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलले जाते. ते पालथे करून पाठीचा गोंद मूळचा आहे की पूर्वी कोणी ‘हिंज’ नावाची गोंदाची कागदी पट्टी लावून ते अल्बममध्ये चिकटवले होते, हे पाहिले जाते. नंतर कडेच्या छिद्रांची, म्हणजे परफोरेशनची, मोजणी होते, जिचे माप जगभर दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे येतात यावरून सांगतात. एखादा दात तुटलेला असेल, कागदाच्या पाठीला पातळ जागा असेल, तर सूचीतील किंमत गृहीत धरून बदली मागता येत नाही. ही सूची बहुधा स्टॅन्ली गिबन्स या इंग्रज व्यापाऱ्याने 1865 साली सुरू केलेल्या परंपरेतील असते. सूचीतील आकडा हा देवघेवीत हिशेबाचे एक सोयीचे एकक असतो; त्या किमतीला तिकीट विकले जाईलच असे कोणीही जाणता संग्राहक मानत नाही.

या बारकाईचा सर्वांत चांगला पुरावा पंचम जॉर्ज यांच्या काळातील साध्या तिकिटांत मिळतो. 1926 पर्यंत भारताची तिकिटे लंडनमध्ये द ला रू या कंपनीकडे छापली जात, आणि त्यानंतर ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली. एक आण्याची दोन तिकिटे शेजारी ठेवली तर राजाचे डोके, नक्षी, अक्षरे सगळे सारखे दिसते आणि नवखा संग्राहक एक डबल म्हणून देऊन टाकतो. तीच दोन तिकिटे काळ्या बशीत पालथी ठेवून त्यांवर बेंझिनचे थेंब टाकले की कागद क्षणभर पारदर्शक होतो आणि कागद तयार होतानाच त्यात उमटवलेले जलचिन्ह दिसते: लंडनच्या तिकिटात एकच तारा, नाशिकच्या तिकिटात ताऱ्यांच्या ओळी. ज्याला दुबार समजले ते दुसऱ्याच देशात छापलेले तिकीट निघते. असे ज्ञान पुस्तकातून मिळते हे खरे, पण ते अंगवळणी पडते ते समोरच्याने बदलीसाठी पुढे केलेले तिकीट तपासताना, कारण त्या वेळी चुकीची किंमत स्वतःला मोजावी लागते. देवघेव ही या छंदाची शाळा आहे, असे म्हणण्यात म्हणूनच अतिशयोक्ती नाही.

मुळशी तालुक्याचा संबंध येथे येतो. टपाल तिकिटांच्या प्रदर्शनांत ‘एक चौकट’ नावाचा एक विभाग असतो, ज्यात ठरीव आकाराची फक्त सोळा पाने लावून एक विषय पुरा मांडायचा असतो. मुळशी हा विषय घेतला तर त्या सोळा पानांचा कणा दोन तिकिटांवर उभा राहतो. पहिले तिकीट जमशेटजी टाटा यांचे, 1965 सालचे. दुसरे सेनापती बापट यांचे, पंचवीस पैशांचे, त्यांच्या दहाव्या स्मृतिदिनी म्हणजे 28 नोव्हेंबर 1977 रोजी निघालेले. जमशेटजी 1904 साली वारले, परंतु सह्याद्रीच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची कल्पना त्यांची होती, आणि तिच्याच विस्तारातून टाटा कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधून ते पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहाकडे नेले. त्या पाण्याखाली मावळ्यांची भातशेती आणि गावे जाणार होती, म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळवून दिली. धरण झाले, शेतकरी विस्थापित झाले, आणि पुढच्या सुमारे अर्धशतकात भारत सरकारने दोन्ही बाजूंच्या पुरुषांचा तिकिटे काढून गौरव केला. ही दोन तिकिटे एका पानावर शेजारी शेजारी लावणे हे त्या संग्रहाचे सर्वांत महत्त्वाचे विधान ठरेल. त्याच दिवशी महात्मा फुले यांचेही तिकीट निघाले होते, कारण त्यांचाही स्मृतिदिन 28 नोव्हेंबर हाच आहे. शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्या दोन माणसांचा हा योग पाहता फुल्यांचे तिकीट या पानांत घेणे विषयाबाहेरचे ठरणार नाही.

ही तिकिटे काही रुपयांत मिळतात, त्यामुळे खरे काम पुढे सुरू होते. सत्याग्रहाच्या वर्षांतील टपाल कसे दिसत असे, हे दाखवायचे तर 1921 ते 1924 मधील पोस्टकार्डे आणि पाकिटे हवीत, आणि त्या काळात दर बदलले होते. 1922 साली पत्राचा दर अर्ध्या आण्यावरून एका आण्यावर आणि पोस्टकार्डाचा पाव आण्यावरून अर्ध्या आण्यावर गेला, म्हणजे लढ्याच्या पहिल्या वर्षी पाव आण्यात जाणाऱ्या कार्डाला पुढच्या वर्षी दुप्पट पैसे पडू लागले. 1921 सालीच एक आण्याच्या तिकिटावर ‘नाइन पाइज’ असे नवे मूल्य जादा छापून ते चलनात आणले गेले, आणि घाईच्या छपाईत काही तिकिटांवर ‘नाइन नाइन’ किंवा ‘पाइज पाइज’ असे चुकून उमटले. ही चूक सापडलेला संग्राहक ती सहजासहजी हातची सोडत नाही. या सर्व तिकिटांच्या जलचिन्हात एकच तारा असला पाहिजे, कारण नाशिकची छपाई तेव्हा सुरू व्हायची होती. अशा कार्डांवर मुळशी तालुक्यातील पौड, मुळशी किंवा पुण्याचा शिक्का असेल तर ते पान पुराव्याचे होते, नसेल तर ते केवळ सजावटीचे राहते.

शिक्क्याचा हा प्रश्न सूचीच्या बाहेरचा आहे. गोल शिक्क्यात डाकघराचे नाव आणि तारीख असते. 15 ऑगस्ट 1972 रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केलेली पिन कोड पद्धत लागू झाली आणि त्यानंतर शिक्क्यांत हे आकडे येऊ लागले, त्यामुळे तारीख पुसट असली तरी 412108 हा पौडचा क्रमांक दिसला की शिक्का 1972 नंतरचा आहे एवढे निश्चित होते. बापटांच्या पंचवीस पैशांच्या तिकिटावर पौडचा 1977-78 मधील स्वच्छ शिक्का असेल, तर स्टॅन्ली गिबन्सच्या सूचीत त्याला वेगळी किंमत नाही, व्यापाऱ्याच्या दुकानात तो मागून मिळणार नाही, आणि तरीही या सोळा पानांत त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. तो मिळण्याचा मार्ग एकच: ज्याच्याकडे जुन्या पाकिटांचा गठ्ठा आहे अशा दुसऱ्या संग्राहकाला आपण काय शोधतो ते सांगणे, त्याला काय हवे ते ऐकून घेणे, आणि देवधर-मंकडांच्या जोडीच्या बदल्यात सूचीच्या हिशेबाने शून्य किमतीचे पाकीट आनंदाने घेणे. दोघांनाही आपण अधिक मिळवले असे वाटते आणि दोघांचेही म्हणणे खरे असते, कारण दोघांच्या रिकाम्या जागा वेगळ्या असतात. पैशाच्या खरेदीत हे घडत नाही.

अमेरिकेतील पत्त्यांच्या छंदाचे पुढे जे झाले, ते येथे सावधगिरीसाठी लक्षात घेण्यासारखे आहे. पत्त्याची प्रत ठरवून तो कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या संस्था तेथे 1990 च्या दशकात प्रस्थापित झाल्या, त्यामुळे फसवणूक कमी झाली, पण पत्ता हाती घेऊन पारखण्याची गरजही कमी झाली आणि डबीवरचा आकडाच विकला जाऊ लागला. भारतात तिकिटांबाबत अजून तसे सरसकट झालेले नाही, मात्र वर्षाला निघणाऱ्या नव्या तिकिटांचा पूर आणि ‘कोरे तिकीट घ्या, भाव वाढेल’ हा समज यांमुळे नवे संग्राहक छापील संच जमवतात आणि वापरलेल्या पाकिटांकडे पाहतही नाहीत. टपाल खात्याने 2017 साली सुरू केलेली ‘दीनदयाळ स्पर्श’ योजना सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना तिकीटसंग्रहासाठी वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती देते, आणि शाळेत फिलाटेली क्लब असणे हा तिच्या अटींचा भाग आहे; क्लब म्हणजे देवघेवीची जागा, म्हणून ही अट त्या योजनेतील सर्वांत शहाणपणाची बाब म्हटली पाहिजे.

वेळ मात्र फार उरलेला नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, खासगी पत्रे जवळजवळ थांबली आहेत, आणि मुळशीतील वाडे व घरे पाडून बंगल्यांची वसाहत उभी राहताना माळ्यावरचे कागद रद्दीत जात आहेत. पौड, पिरंगुट, माले, भूगाव, ताम्हिणी या भागांत ज्यांच्या घरी जुनी पत्रे, मनिऑर्डरच्या पावत्या, आंतरदेशीय पत्रे असतील, त्यांनी ती टाकू नयेत. देण्याआधी त्यांवरचे तिकीट कापून काढू नये, कारण शिक्का, पत्ता आणि तारीख यांच्यासह अख्खे पाकीट हाच दस्तऐवज असतो. आणि ती एखाद्या संग्राहकाला द्यायची झाल्यास त्याने ती कोणत्या गावातून, कोणत्या वर्षी मिळाली याची नोंद पाकिटाच्या मागे नव्हे, तर वेगळ्या कागदावर करून ठेवावी.